लसिका ग्रंथी निर्दोष आल्यानंतर : मेलॅनोमा परतण्याची शक्यता अहवालात कोठे पाहावी

‘सेंटिनल ग्रंथीत कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ हे वाक्य वाचून (सेंटिनल ग्रंथी म्हणजे गाठीकडून येणारी लसिका सर्वप्रथम जिच्यात पोहोचते ती लसिका ग्रंथी) रुग्णाच्या आणि घरच्यांच्या जिवात जीव येतो, आणि तो यावाही, कारण मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात ही खरोखर चांगली बातमी असते. त्यानंतर आमच्या प्रयोगशाळेत हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘आता हा आजार परत येणार नाही ना?’ त्याचे पूर्ण उत्तर ग्रंथीच्या अहवालात नसते. ते बरेचसे मूळ गाठीच्या अहवालात असते.

मेलॅनोमाच्या पेशी लसिकावाहिन्यांतून पसरतात, तशाच थेट रक्तातूनही पसरू शकतात आणि त्या वाटेवर सेंटिनल ग्रंथी लागत नाही. शिवाय ग्रंथीचे अनेक पातळ छेद घेऊन विशेष रंजकांनी तपासले, तरी संपूर्ण ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली येत नाही. दोन छेदांच्या मधला एखादा लहानसा पुंजका नजरेतून सुटू शकतो.

म्हणून मूळ गाठीच्या अहवालात प्रथम ‘ब्रेस्लो जाडी’ पाहावी. त्वचेच्या वरच्या कणमय थरापासून गाठीच्या सर्वांत खोल पेशीपर्यंतचे हे अंतर आम्ही सूक्ष्मदर्शकातील मोजपट्टीने मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजतो. १, २ आणि ४ मिमी या जाडीच्या गटांच्या सीमा आहेत. त्यानंतर गाठीवर व्रण (वरची त्वचा झडून उघडी पडलेली जागा) आहे की नाही ते पाहावे. आधीच्या बायोप्सीने किंवा खाजवल्याने सोललेली त्वचा वरवर व्रणासारखीच दिसते, त्यामुळे हा निर्णय आम्ही घाईने देत नाही. पेशीविभाजनाचा वेग, गाठीची जागा आणि रुग्णाचे वय यांचाही विचार होतो.

जाडी आणि व्रण या दोन नोंदींचे वजन किती, हे कर्करोगाचे टप्पे ठरवणाऱ्या अमेरिकन जॉइंट कमिटी ऑन कॅन्सरच्या नियमावलीच्या आठव्या आवृत्तीतील आकडे सांगतात. ग्रंथी निर्दोष, परंतु गाठ ४ मिमीपेक्षा जाड आणि व्रणयुक्त असल्यास (टप्पा २सी) पाच वर्षांनंतर मेलॅनोमाने मृत्यू न झालेल्यांचे प्रमाण ८२ टक्के आहे. ग्रंथीत पेशी सापडूनही गाठ पातळ असलेल्या ३ए टप्प्यात ते ९३ टक्के आहे. म्हणूनच २बी व २सी टप्प्यांतील रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर आजार परतू नये यासाठी पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे औषध देण्यास अमेरिकेत डिसेंबर २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आपला टप्पा यांपैकी असल्यास ग्रंथी निर्दोष आहेत एवढ्यावर न थांबता कर्करोगतज्ज्ञांशी या उपचाराविषयी अवश्य बोलावे.

गाठीतील जनुकांची सक्रियता मोजून धोका वर्तवणाऱ्या चाचण्याही उपलब्ध आहेत. त्यांतून मिळणारी माहिती पूरक म्हणून उपयोगी पडू शकते, परंतु केवळ तिच्यावरून उपचार किंवा तपासण्या कमी-जास्त करू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

जाड गाठी परतल्याच, तर बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांत परततात. या काळात ठरलेली एकही भेट चुकवू नये, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेची खूण, तिच्याभोवतीची त्वचा व जवळच्या ग्रंथींची जागा महिन्यातून एकदा बोटांनी चाचपून पाहावी. नवी कठीण गाठ लागल्यास पुढच्या भेटीची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवावी. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे असल्यास मूळ गाठीचा तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ठोकळा आणि काचपट्ट्या आमच्याकडून मागून घ्याव्यात. केवळ अहवालाच्या कागदावरून जाडी पुन्हा मोजता येत नाही.