जपानमध्ये कंपनीमार्फत सहायक इंग्रजी शिक्षक: अर्ज कुठे अडतो आणि कोणते कागद आधी जमवायचे

जपानच्या सरकारी शाळांत इंग्रजीच्या तासाला जपानी शिक्षकाच्या जोडीला बऱ्याचदा एक परदेशी सहायक असतो. त्याला तिथे एएलटी म्हणतात. ही नोकरी मिळण्याच्या वाटा तीन: 1987 पासून चालू असलेला सरकारी जेट कार्यक्रम, गावोगावच्या शिक्षण मंडळांची थेट भरती, आणि शाळांना माणसं पुरवणाऱ्या खासगी कंपन्या. मी इथे तिसऱ्या वाटेबद्दलच लिहितेय, कारण माझ्याकडे मदतीला येणारे बहुतेक जण तिथेच अडकलेले असतात.

आणि ते इंग्रजीमुळे अडकत नाहीत. उत्तम बोलणारी, मुलांमध्ये रमणारी मंडळी एका कागदापायी घरी बसतात. तो कागद लागतो हेसुद्धा त्यांना मुलाखत झाल्यावर कळतं.

पात्रता

सरकारी शाळेतल्या या कामासाठी ‘शिक्षण’ हा रहिवासी दर्जा, म्हणजे त्या कामासाठी जपानमध्ये राहण्याची परवानगी, मिळावा लागतो. त्याला साधारणपणे दोन गोष्टी लागतात: कुठल्याही शाखेची पदवी, आणि जी भाषा शिकवायची त्या भाषेतून किमान 12 वर्षांचं शिक्षण. नागरिकत्वाची अट नियमात नाही. जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ दिसलं म्हणून भारतीय पासपोर्टवाल्यांनी माघार घेऊ नये. फिलिपिन्सचे कितीतरी शिक्षक याच नियमाखाली आज तिथे शिकवतायत. टेफलचं (परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याच्या कोर्सचं) प्रमाणपत्र किंवा जपानी भाषेची परीक्षा असेल तर चांगलंच, पण त्यातलं काहीही 12 वर्षांच्या जागी चालत नाही. महागडा टेफल कोर्स करून आलेल्या मुलांना हे सांगताना फार वाईट वाटतं. त्यांच्या कोर्सवाल्यांनी हे आधी सांगायला हवं होतं.

बारा वर्षं कशी मोजायची

इंग्रजी हा विषय असणं वेगळं, इंग्रजीतून शिकणं वेगळं. नियमाला दुसरं हवं आहे. पहिली ते बारावी इंग्रजी माध्यम असेल तर प्रश्न मिटला. चौथीपर्यंत मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी असेल, तर बारावीपर्यंतची आठ आणि पदवीची तीन मिळून अकरा होतात. एक वर्ष कमी पडतं. इंजिनिअरिंगची चार वर्षं असतील तर बारा भरतात. इंग्रजीतून एमए किंवा बीएड केलं असेल तरी भरतात. चौथीपर्यंत मराठी-कोकणीतून शिकलेल्या गोव्यातल्या अनेकांची गत नेमकी हीच आहे, कारण 1990 नंतर बरीच वर्षं तिथे सरकारी अनुदान मराठी-कोकणी प्राथमिक शाळांनाच मिळत होतं.

नियमात ‘पहिलीपासून’ असं म्हटलेलं नाही, म्हणून कॉलेजची वर्षं धरता येतात. तरीही काही कंपन्या शाळेचीच बारा वर्षं मागतात. अर्ज भरण्याआधी ईमेल करून विचारा आणि उत्तर जपून ठेवा. केजीची वर्षं मोजणीत धरू नका. मुक्त विद्यापीठातून मराठीतून पदवी घेतली असेल तर तीही यात येत नाही.

सेमी-इंग्रजीवाल्यांना कळकळीने सांगते: गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकलात, बाकीचं मराठीतून, तर शाळेकडून ‘इंग्रजी माध्यम’ असं लिहून आणू नका. दहावीच्या गुणपत्रिकेत इंग्रजी प्रथम भाषा आहे की तृतीय, हे छापलेलं असतं. दाखला एक सांगतो आणि गुणपत्रिका दुसरं, हे ध्यानात यायला वेळ लागत नाही. खोटा कागद एकदा नोंदला गेला की पुढचा प्रत्येक अर्ज संशयाने पाहिला जातो. मराठी माध्यमाच्या मुलांवर हा नियम अन्याय करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. परकी भाषा म्हणून कष्टाने इंग्रजी शिकलेल्या माणसाला जपानी मुलाची अडचण जास्त कळते. पण इमिग्रेशनच्या खिडकीवर हा वाद घालून उपयोग नाही. अशांनी खासगी इंग्रजी क्लासेसच्या नोकऱ्या पाहाव्यात. तिथला रहिवासी दर्जा वेगळा आहे आणि त्याच्या नियमात ही 12 वर्षांची अट लिहिलेली नाही.

माध्यमाचा दाखला

हाच तो कुणाकडे नसलेला कागद. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माध्यम बहुधा लिहिलेलं नसतं. त्यामुळे प्रत्येक शाळेतून, ज्युनियर कॉलेजातून आणि पदवीच्या कॉलेजातून वेगळा दाखला काढावा लागतो. शाळेच्या लेटरहेडवर पासपोर्टप्रमाणे नाव, कोणत्या इयत्तेपासून कोणत्या इयत्तेपर्यंत, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, भाषा विषय वगळता सर्व विषय इंग्रजीतून शिकवले गेले हे वाक्य, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, जावक क्रमांक, तारीख, शाळेचा फोन आणि ईमेल. यातलं जावक क्रमांक आणि ईमेल हमखास राहून जातं. मजकूर इंग्रजीत टाइप करून स्वतःच न्या. ऑफिसातल्या क्लार्कला ‘मीडियमचं सर्टिफिकेट द्या’ म्हटलं की बोनाफाइड हातात पडतं आणि आणखी एक खेप होते.

शाळा बंद पडली असेल तर तिचं जनरल रजिस्टर कुठे गेलं हे शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. मुंबईत असाल तर शिक्षण निरीक्षकांकडे. तोंडी ‘बघतो’ यावर विसंबू नका, लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मे महिन्यात शाळेत कुणी भेटत नाही, तेव्हा हे काम त्याआधी उरका.

नाव

आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आईचं नाव वेगळं. पासपोर्टवर क्रम उलटा, काहींच्या पासपोर्टवर वडिलांचं नाव आहे, काहींच्या नाही. आपल्याला यात वावगं काही दिसत नाही, पण जपानी अधिकाऱ्यापुढे ही दोन माणसं असतात. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांना सर्वांत जास्त त्रास होतो: पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या. विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत पहिल्याच दिवशी जोडा. ते फक्त मराठीत असेल तर भाषांतरासह. कुणी विचारेल तेव्हा देऊ, असं म्हणू नका. अनेकदा कुणी विचारतच नाही, थेट नकार येतो.

वेळापत्रक

जपानची शाळा एप्रिलमध्ये सुरू होते आणि त्या जागांसाठी मुलाखती आदल्या शरद ऋतूपासून चालतात. आपल्याकडच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा निकाल जून-जुलैमध्ये लागतो, म्हणजे एप्रिलला त्यांच्याकडे पदवीच नसते. त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरच्या थोड्या जागा किंवा पुढचा एप्रिल धरावा. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्र यांत फरक आहे. दीक्षान्त समारंभासाठी वेगळा अर्ज करून प्रमाणपत्र घ्यायचंच राहिलं आहे, असे पदवीधर मी दरवर्षी पाहते.

कंपनीने निवड केली की तीच जपानच्या इमिग्रेशन कार्यालयात पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. याला सगळे सीओई म्हणतात. तुम्ही कागद पाठवायचे आणि थांबायचं. याला साधारण एक ते तीन महिने लागतात. फोटो 4 गुणिले 3 सेंटीमीटरचा हवा, आपल्या स्टुडिओतला नेहमीचा पासपोर्ट फोटो नव्हे. पोलिसांचा दाखला मागितला तर पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारं पीसीसी काढा. चौकीतला चारित्र्याचा दाखला वेगळा. कंपनीने मागितल्याशिवाय अपॉस्टिलवर (परदेशात चालावा म्हणून कागदावर घ्यायच्या सरकारी शिक्क्यावर) पैसे घालवू नका.

सीओई नाकारलं गेलं तर सविस्तर कारण एकदा तोंडी सांगतात, तेही जपानमधल्या कंपनीच्या माणसाने जाऊन विचारलं तर. ज्याचं आयुष्य अडलं त्याला एक नीट ओळ लिहून देऊ नये, हे मला अजिबात पटत नाही. म्हणून कंपनीला विनंती करा की जाऊन कारण विचारा आणि आम्हाला ईमेलवर कळवा.

सीओईची मुदत तीन महिने, आणि ही मुदत हटकून चुकीची वाचली जाते. तीन महिन्यांत व्हिसाचा अर्ज करायचा असं नाही. तीन महिन्यांच्या आत जपानमध्ये उतरायचं. मोजणी प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून होते, तुमच्या हाती पडल्यापासून नाही. महाराष्ट्र आणि गोव्यातल्यांचा व्हिसा मुंबईच्या जपानी वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. कागद पुरे असतील तर हा टप्पा सर्वांत सोपा.

आधीपासून जपानमध्ये असाल तर

तोक्योच्या निशिकासाई भागात नवऱ्याच्या नोकरीमुळे राहणाऱ्या अनेक मराठी बायका ही विचारणा करतात. अवलंबितांच्या दर्जावर परवानगी काढून आठवड्याला 28 तासच काम करता येतं. पूर्णवेळ एएलटीसाठी दर्जा बदलून घ्यावा लागतो, सीओई लागत नाही. बारा वर्षांची अट मात्र तीच. बदल मंजूर होण्याआधी पूर्णवेळ काम सुरू करू नका, कंपनी कितीही घाई करो.

करार वाचताना

कराराचे प्रकार दोन. ‘हाकेन’ म्हणजे माणूस पुरवण्याचा करार. यात शाळेतले शिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊ शकतात. दुसरा ‘ग्योमु इताकु’, म्हणजे कामाचा ठेका. यात सूचना फक्त कंपनीच देऊ शकते. मग शेजारी उभ्या शिक्षकाने ‘हे असं शिकव’ म्हणणंही नियमाबाहेर जातं, आणि वर्गात अवघडलेपण येतं ते तुमच्या वाट्याला. हाकेनमध्ये काम करणाऱ्या कंपनीला आरोग्य, कामगार आणि कल्याण मंत्रालयाचा परवाना लागतो आणि तिने आपला मार्जिनचा दरही, म्हणजे मिळालेल्या पैशातला किती वाटा पगारात न देता स्वतःकडे ठेवते तेही, जाहीर करायचा असतो. परवाना क्रमांक मागा. न देणाऱ्या कंपनीचा नाद सोडा.

जाहिरातीतला पगार साधारण दोन ते अडीच लाख येन असतो, पण ऑगस्ट, डिसेंबर आणि मार्चच्या सुट्ट्यांत कापला जातो का ते पाहा. वर्षाची बेरीज करून तुलना करा. करारात आठवड्याचे 29.5 तास लिहिलेले दिसले (विमा टाळायला तास असे जरा कमी ठेवले जातात) तर विम्याचं विचारा. ऑक्टोबर 2024 पासून 51 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीत आठवड्याला 20 तास करणाऱ्यांनाही साधारणपणे आरोग्य विमा आणि पेन्शन द्यावं लागतं. विमानाचं तिकीट बहुधा आपलं, आणि पहिला पूर्ण पगार दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस. तोवर भाडं, अनामत, भांडीकुंडी सगळं खिशातून. कर्ज काढून जाणाऱ्यांनी हे दोन महिने आधी हिशेबात धरा.

भारतातल्या एजंटाने लाखांत पैसे मागितले तर उठून या. परदेशी नोकरीसाठी नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि जीएसटी याहून जास्त सेवाशुल्क घेता येत नाही, आणि त्याची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येते.

खेड्यातली नेमणूक असेल तर गाडी चालवावी लागते. जपानला निघण्याआधी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा; जपानमध्ये तो वर्षभरच चालतो. पुढे जपानी परवाना घेताना, भारतीय परवाना मिळाल्यावर तुम्ही किमान तीन महिने भारतातच होता हे दाखवावं लागतं, म्हणून जुना पासपोर्ट सोबत ठेवा.

पोचल्यावर घर ठरलं की 14 दिवसांत नगरपालिकेत पत्ता नोंदवा. कंपनी बदलली किंवा सोडली तर इमिग्रेशनला कळवण्याची मुदतही 14 दिवसच. भारतात परतताना पेन्शनची एकरकमी परतफेड मिळते, किमान सहा महिने वर्गणी भरली असेल आणि दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर. पण भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार 1 ऑक्टोबर 2016 पासून लागू आहे आणि दोन्हीकडची वर्षं जोडता येतात. परतफेड घेतली की ती जपानची वर्षं पुसली जातात. घ्यायची की ठेवायची हे ठरवा, आणि दोन्हींसाठी लागणारा मूळ पेन्शन क्रमांक देश सोडण्याआधी लिहून घ्या.