प्लगची वायर काढताना पकडायचं कुठे?

पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगला वीज पोहोचवणारी वायर जाडजूड आणि दणकट दिसते. पण ती दणकट नसते, निदान आतून तरी नसते. बहुतेक वायरींच्या गाभ्यात तांब्याची तारच नसते. असतो तो कार्बन भिनवलेल्या तंतूंचा दोरा, ज्याचा रोध एका फुटामागे काही हजार ओहम इतका भरतो. हे मुद्दाम केलेलं आहे. ठिणगी पडली की रेडिओ लहरी निघतात. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश हर्ट्झने 1887 च्या सुमारास या लहरी ठिणगीच्या मदतीनेच दाखवून दिल्या होत्या. वायरीतला हा रोध त्या लहरींना आवर घालतो, म्हणून गाडीतला रेडिओ खरखरत नाही.

पण या दोऱ्यावर ताण द्यायचा नसतो. त्याचं टोक धातूच्या चिमट्यात दाबून बसवलेलं असतं आणि तो चिमटा रबरी टोपीच्या आत प्लगला घट्ट धरून असतो. वायर धरून ओढली की सगळा जोर नेमका त्या जोडावर येतो. दोरा चिमट्यातून किंचित निसटतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग वीज त्या फटीतूनही उडी मारू लागते, कार्बन जळत जातो, फट रुंदावते आणि इंजिन मिस मारायला लागतं, म्हणजे ठिणगी अधूनमधून चुकते. न जळलेलं पेट्रोल पुढे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्यालाही तापवतं.

म्हणून अवजार निवडताना एकच प्रश्न विचारावा: याचा जोर कुठे पडणार? तो टोपीवर, तिच्या शक्य तितक्या खालच्या भागावर पडला पाहिजे. त्यासाठी खास पक्कड मिळते. तिचे जबडे अर्धगोल असतात आणि त्यांवर मऊ प्लास्टिकचं आवरण असतं, त्यामुळे टोपी सगळीकडून सारखी धरली जाते. प्लग खोल खड्ड्यात असेल तर लांब, वाकड्या मानेची पक्कड घ्यावी. टोपीपर्यंत बोटं आणि पक्कड दोन्ही पोहोचत नसतील, तर टोपीच्या कडेखाली अडकवून वर ओढायचा दांडा उपयोगी पडतो.

साधी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र दूर ठेवावेत. दातेरी जबड्याने टोपीला बारीकशी चीर गेली तरी पुरे. प्लगपर्यंत येणारा विजेचा दाब 20 ते 40 हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो आणि साध्या हवेतलं एक मिलिमीटर अंतर पार करायला सुमारे 3,000 व्होल्ट पुरतात. सिलिंडरच्या आत हवा दाबलेली असते, तिथे ठिणगी पाडणं जास्त अवघड. विजेला बाहेरची चीर सोपी वाटली की ती तिथूनच इंजिनच्या धातूत उतरते. असा दोष चढावर किंवा जोरात वेग घेताना उठून दिसतो, कारण तेव्हाच सिलिंडरमधल्या हवेचा दाब सर्वाधिक असतो. स्क्रू ड्रायव्हरने तिरकं उचकटलं तर प्लगचं चिनी मातीचं आवरण तडकतं, ते वेगळंच.

चांगली पक्कडही नुसती ओढण्यासाठी नसते. उष्णतेने सिलिकॉन रबराची टोपी चिनी मातीला चिकटून बसते. सरळ ओढली तर ती पकड सोडण्याआधी रबरच ताणून फाटू शकतं. आधी टोपी दोन्ही बाजूंना थोडीथोडी पिळावी, घट्ट झाकण फिरवावं तशी. चिकटलेला थर मोकळा झाला, टोपी सहज फिरू लागली, की सरळ वर खेचावी. इंजिन थंड असावं आणि एका वेळी एकच वायर काढावी, म्हणजे क्रम चुकत नाही. टोपी सुटावी म्हणून पेट्रोलियमचं तेल फवारू नये, सिलिकॉन त्याने फुगतं.

बसवताना टोपीच्या आतल्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. पुढच्या वेळी पक्कड लागणारही नाही कदाचित. वायर बसवण्याआधी मल्टिमीटरने तिचा रोध मोजून घ्यावा. आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, किंवा वायर हलवल्यावर बदलत असेल, तर दोरा आधीच तुटलेला आहे.

आणि टोपी कशानेच सुटत नसेल, तर माझ्या मते ती उभी चिरून काढावी आणि नवी वायर बसवावी. जुनी वायर वाचवण्याच्या हट्टापायी प्लग मोडून त्याचे तुकडे सिलिंडरपर्यंत जाऊ देणं फार महाग पडतं.