पीईचे पार्ट वाकवायला नक्की कुठलं टूल घ्यायचं?

स्केल मॉडेलिंगमध्ये, म्हणजे रणगाडे-जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याच्या छंदात, नवीन आलेला माणूस पहिल्यांदा पीईचा फ्रेट हातात घेतो, म्हणजे फोटो-एचिंगने बनवलेला, ज्यातून बारीक पार्ट कापून घ्यायचे असतात तो पातळ पितळी पत्रा, आणि लगेच विचारतो की वाकवायला टूल कुठलं घेऊ. मग कोणी सांगतं एकदाच काय ते मोठं बेंडर, म्हणजे पत्रा दाबून धरून वाकवायचं साधन, घेऊन टाक, कोणी सांगतं दोन ब्लेड बस झाल्या, उगाच खर्च कशाला. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असतात कारण दोघं वेगवेगळे पार्ट वाकवत असतात. त्यामुळे टूलच्या आधी पत्र्याकडे बघू.

हा पत्रा साधारण 0.1 ते 0.3 मिमी जाड असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाशाने बदलणारा लेप देतात, वर डिझाइनची फिल्म ठेवून अतिनील प्रकाश टाकतात, मग नको तिथला लेप धुऊन पत्रा फेरिक क्लोराइडसारख्या रसायनात जातो आणि जिथे लेप नाही तिथला धातू रसायन खाऊन टाकतं. दोन्ही बाजू उघड्या असतील तर आरपार खातं, एकच बाजू उघडी असेल तर साधारण अर्ध्यापर्यंतच जातं. ती अर्धी खाल्लेली बारीक रेघ म्हणजेच आपली घडीची रेघ. ती बहुतेक वेळा घडीच्या आतल्या बाजूला येते, अपवाद असतात, म्हणून सूचनापत्रक बघूनच हात घालायचा.

आता जाडी अर्धी झाली म्हणजे ताकदही अर्धी झाली असं वाटतं पण तसं नाहीये. पत्र्याचा ताठरपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे रेघेवर तो साधारण आठवा हिस्साच उरतो. कायमची घडी पडायला लागणारा जोर जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे चौथा हिस्सा. मग पत्रा आपोआप रेघेवरच वाकायला हवा ना? वाकतो, पण बाकीचा पत्रा हलू दिला नाही तरच. बोटाने किंवा चिमट्याने एका जागी दाबलं की तिथे आधी घडी पडते, बाजूचा भाग मागून ओढला जातो, पार्टला पीळ बसतो आणि रेघेशेजारचा सपाट भाग हलकासा कमानदार होतो. रंग दिल्यावर तो पोक अजूनच डोळ्यात भरतो.

म्हणजे टूलकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात, रेघेच्या अगदी कडेपर्यंत पत्रा सगळ्या लांबीवर घट्ट धरून ठेवणं आणि उरलेला भाग खालून सगळ्या लांबीवर एकदम उचलणं. बाकी रंग, डबा, ब्रँड सगळं नंतर.

म्हणून माझं मत सरळ आहे, आधी तुमच्या किटमधली सगळ्यात लांब घडी मोजा. सात मीटर लांबीचा रणगाडा 1/35 स्केलला 20 सेंमी होतो, त्याची मडगार्ड अखंड असतील तर घडी त्याच हिशोबात लांब जाणार आणि तिथे मोठ्या बेंडरला पर्याय नाही. उलट 1/700 ची जहाजं करणाऱ्याकडे मीटरभर उंचीचा कठडा 1.4 मिमीचा होतो, त्याला मोठं बेंडर म्हणजे निव्वळ अडगळ.

घडी सेंटीमीटरच्या आत असेल तर चांगली चपटी पक्कड सगळ्यात भारी आणि खरं सांगायचं तर बहुतेक किटमध्ये अशाच घड्या जास्त असतात, म्हणून पहिली खरेदी पक्कडच करा. तिचे जबडे आतून गुळगुळीत हवेत, दाते असले तर पितळावर त्यांचे छाप उमटणारच, आणि जबड्याची कड काटकोनी हवी, गोल असेल तर पकड रेघेपर्यंत पोचतच नाही. घेताना मिटलेली पक्कड उजेडासमोर धरा. साधी पक्कड बिजागरीवर फिरते त्यामुळे जबडे किंचित तिरके मिटतात आणि कुठेतरी उजेडाची फट दिसते, ती पार्टच्या जाडीपेक्षा मोठी असेल तर एका टोकाला पार्ट धरलाच जाणार नाही. समांतर मिटणाऱ्या जबड्यांची मिळाली तर उत्तमच.

बेंडर म्हणजे खाली सपाट पाट, वर फणीसारखी दातेरी प्लेट आणि दाबायला स्क्रू. दाते वेगवेगळ्या रुंदीचे असतात ते पेटीसारख्या पार्टसाठी, समोरासमोरच्या दोन भिंती उभ्या झाल्या की तिसरी वाकवताना आत मावेल असाच दाता लागतो. त्यामुळे सगळ्यात अरुंद दाता किती मिमीचा आहे हे जरूर बघा, लांबी तर सगळेच बघतात. दात्याची कड वरून तिरकी घासलेली हवी, जाड उभी कड असेल तर घडी 90 अंशांच्या पुढे जातच नाही, आणि पुढे नेणं का लागतं ते खाली येईलच. पकड तपासायची तर प्लेटच्या दोन्ही टोकांना कागदाच्या पट्ट्या ठेवा, स्क्रू आवळा आणि पट्ट्या ओढून बघा. मधे एकच स्क्रू असलेल्या लांब बेंडरमध्ये प्लेट मधे दाबली जाते आणि टोकं किंचित उचलली जातात, मग टोकाची पट्टी अलगद निघून येते. लांब बेंडर घेत असाल तर दोन स्क्रूवालं बघा. आणि पार्टचा मोकळा भाग खालून उचलायची ब्लेड घडीइतकी तरी लांब हवी, नाहीतर एवढं घट्ट धरूनही पीळ बसणारच.

90 अंश वाकवून सोडलं की पत्रा थोडा परत उघडतो, कारण वाकवताना पत्र्याचा काही भाग कायमचा ताणला जातो आणि काही भाग फक्त स्प्रिंगसारखा. म्हणून काटकोनाच्या किंचित पुढे न्यायचं. स्टेनलेस स्टीलच्या पार्टमध्ये हे परत उघडणं अजून जास्त, त्यामुळे तिथे पक्कडीपेक्षा बेंडरची घट्ट पकड कामी येते.

चुकलेली घडी उलगडून परत घालायचा मोह मात्र आवरा. पितळ वाकलं की आतली रचना विस्कटते आणि त्या जागी धातू आणखी कडक आणि ठिसूळ होतो, वर रेघेवर जाडी आधीच अर्धी, तार मागेपुढे वाकवून तोडतो तसंच होतं ते. पितळ ज्योतीवर धरून तापवलं की परत मऊ पडतं आणि वाकवणं सोपं जातं, पण लांब सरळ मडगार्ड तापवू नका, ते इतकं मऊ होतं की नुसतं उचलतानाही वाकडं होईल. स्टेनलेसला हा उपाय लागूच नाही, त्याला मऊ पडायला 1000 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं, तेवढ्यात पातळ पार्ट काळा होऊन वाया जाईल.

फ्रेटमधून पार्ट कापताना खाली काच किंवा गुळगुळीत टाइल ठेवा, मऊ कटिंग मॅटवर ब्लेड दाबली की पार्ट तिथेच वाकतो. आणि गोल वळणाचे पार्ट, पाइपचे पट्टे वगैरे, यांना वरचं कुठलंच टूल नको. तिथे उलट मऊ रबर खाली घ्यायचं आणि ड्रिल बिटचा गुळगुळीत दांडा पार्टवर दाबून फिरवायचा. दांडा हव्या त्या वळणापेक्षा थोडा बारीक निवडा, कारण पत्रा इथेही थोडा उघडतोच.