रुईच्या फुलातला चिमटा

जास्वंदीच्या फुलावर बोट फिरवलं की पिवळी पूड लागते. रुईचं फूल चोळून बघा, हाताला चीक लागेल, पूड मात्र कणभरही नाही. ‘परागकण म्हणजे कीटकाच्या अंगाला चिकटणारी पूड’ हे शाळेतलं वाक्य या झुडपापाशी अडतं.

कोकणात पुळणीच्या वरच्या अंगाला, मर्यादवेलीचं जाळं विरळ होतं तिथल्या कोरड्या वाळूत मोठी रुई, म्हणजे मांदार, हमखास दिसते. शेजारचं सुरूचं बन माणसाने लावलेलं. रुई मूळची इथलीच. पानं जाडजूड, अंगावर पांढुरकी लव, मूळ खोल, त्यामुळे पाण्याविना ती निभावून नेते. पाकळ्या उलगडून पसरल्या असतील तर ती मोठी रुई. उभ्या राहिलेल्या आणि टोकाला जांभळ्या असतील तर लहान रुई.

आता फुलाच्या मध्याकडे या. तिथला मेणासारखा मुकुट म्हणजे पुंकेसर आणि स्त्रीकेसर एकजीव होऊन झालेला खांब. त्याचा माथा पंचकोनी. पाच परागकोश माथ्याला चिकटलेले आणि दोन शेजारी कोशांच्या मध्ये एकेक उभी फट. फट खाली रुंद, वर चिंचोळी. तिच्या वरच्या टोकाला गडद टिंब दिसतं, तो चिमटा. चिमट्याला दोन दांड्या आणि प्रत्येक दांडीला एकेक परागपुंज, म्हणजे शेकडो परागकणांची घट्ट पिवळी वडी. गंमत अशी की ही जोडी एका कोशातली नसते; डावा पुंज डाव्या कोशातला, उजवा उजव्या कोशातला. एका फुलात चिमटे 5, पुंज 10.

काळा, निळसर चमकत्या पंखांचा मोठा भुंगा मधुरसासाठी येतो. त्याचा पाय फटीत घसरतो. वर ओढताना फट त्याला चिंचोळ्या टोकाकडेच नेते आणि चिमटा पायाला बसतो. हिसका दिला की पुंजांसह सगळं बाहेर. दुसऱ्या फुलावर तोच पाय फटीत जातो तेव्हा पुंज आत अडकून दांडी मोडते. कुक्षीचा, म्हणजे स्त्रीकेसराच्या टोकाचा, परागकण स्वीकारणारा भाग माथ्यावर नसून याच फटींच्या आत आहे, म्हणून पुंज नेमका तिथेच पोचावा लागतो. हिसक्याला ताकद हवी. रुईच्या गटातल्या फुलांत दुबळ्या कीटकांचे पाय अडकून पडतात. अंडाशय दोन, वेगवेगळे. दोन्हींना पराग मिळाला तर शिंगांसारखी जोडबोंडं धरतात. पण घोसभर फुलांतून बोंडं मोजकीच येतात.

हे घरी बघता येतं. आजच उमललेलं फूल, बारीक सुई आणि 10 पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. सुईचं टोक टिंबाच्या खाली, फटीच्या रुंद बाजूने आत घाला आणि सावकाश वर ओढा. वरून खाली ओढलंत तर चिमटा बसत नाही. कळीत पुंज तयार नसतात, कोमेजलेल्या फुलात फट आवळते. देठाचा चीक आधी कागदाने टिपून घ्या, नाहीतर पुंज त्यातच लडबडतात.

तो चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. दुखत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात आणि काही तासांत नजर धूसर होते. किमान 15 मिनिटं स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा. शनिवारी मारुतीसाठी पानं तोडणाऱ्यांनी हे आवर्जून ध्यानात ठेवावं.

पांढऱ्या मांदाराच्या मुळात गणपती असतो, असं सांगून कोरलेली मुळं विकली जातात. पांढरी फुलं म्हणजे त्याच जातीतली, जांभळं रंगद्रव्य न बनवणारी झाडं. याहून वेगळं काही नाही. त्यापायी धडधाकट झुडूप मुळासकट उपटलं जातं, याचं वाईट वाटतं.

फूल हातात आल्यावर सुई लावण्याआधी टिंबं मोजा. पाचपैकी दोन नसतील तर दोन चिमटे कुणीतरी आधीच नेलेत. मग फटीही नीट बघा; एखादीत पिवळा पुंज रुतलेला दिसला, तर तो बहुधा दुसऱ्या फुलावरून आलेला आहे.