ग्रहीय वारे

पृथ्वीवरील विस्तीर्ण पट्ट्यांतून वर्षभर बहुतांशी ठरावीक दिशेने वाहणारे वारे; यांना नित्य वारे असेही म्हणतात. व्यापारी, पश्चिमी व ध्रुवीय हे यांचे तीन प्रकार होत. ‘व्यापारी’ हे नाव ‘ट्रेड विंड’ या इंग्रजी संज्ञेच्या भाषांतरातून आले. मात्र ‘ट्रेड’ या इंग्रजी शब्दाचा जुना अर्थ ‘मार्ग’, ‘वाट’ असा होता. त्यामुळे नावाचा उगम व्यापारात शोधण्यापेक्षा ‘एकाच वाटेने वाहणारा वारा’ या अर्थात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते.

विषुववृत्तालगत तापलेली हवा वर चढते, सुमारे १५ किमी. उंचीवर ध्रुवांकडे वळते आणि ३०° अक्षांशाच्या आसपास खाली उतरून जास्त दाबाचा पट्टा निर्माण करते. तेथून भूपृष्ठालगत विषुववृत्ताकडे परतणारी हवा परिवलनामुळे उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. हेच अनुक्रमे ईशान्य व आग्नेय व्यापारी वारे.

इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला. पण वाऱ्यांचा पश्चिमेकडील कल त्यांनी सूर्याच्या दैनंदिन भासमान गतीशी जोडला. परिवलनाचे कारण इंग्रज वकील व हवामान-अभ्यासक जॉर्ज हॅडली यांनी १७३५ मध्ये मांडले. सरकणारी हवा आपला मूळचा पूर्वाभिमुख वेग टिकवते, असे त्यांनी गृहीत धरले. वस्तुतः घर्षण नसताना टिकते ते कोनीय संवेग, म्हणजे वेग व भ्रमणाक्षापासूनचे अंतर या दोन्हींवर अवलंबून असलेली राशी. भूपृष्ठाचा वेग विषुववृत्तावर सेकंदाला सुमारे ४६५ मी., तर ३०° अक्षांशावर सुमारे ४०३ मी. असतो. हॅडलींच्या हिशेबाने विषुववृत्तावरून तेथे पोहोचलेली हवा जमिनीच्या सेकंदाला ६२ मी. पुढे धावेल, कोनीय संवेगाच्या हिशेबाने हा आकडा सुमारे १३४ मी. होतो. प्रत्यक्षातील वारे याहून बरेच मंद असतात.

या चुकीने हॅडलींच्या छोट्या निबंधाचे मोल उणावत नाही. पूर्वेकडून येणाऱ्या वाऱ्यांच्या घर्षणाची भरपाई अन्यत्र पश्चिमी वाऱ्यांनी झाली नाही, तर पृथ्वीचे परिवलनच मंदावेल, हे त्यांनी ओळखले होते. ही भरपाई कशी होते, हा पुढील वादाचा गाभा ठरला. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ विल्यम फेरेल यांनी १८५६ मध्ये मध्य अक्षांशांसाठी वेगळे अभिसरण कल्पिले. ब्रिटिश भूभौतिकीविद हॅरल्ड जेफ्रीझ यांनी १९२६ मध्ये संवेगाच्या वहनाचे श्रेय आवर्तांना, म्हणजे कमी दाबाच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांना, दिले. उच्च वातावरणातील नंतरच्या निरीक्षणांशी हे दुसरे मत अधिक जुळते. पाठ्यपुस्तकांतील मध्य अक्षांशांचे (फेरेल यांचे) चक्र त्यामुळे मुख्यतः सरासरीत दिसणारे समजावे. दैनंदिन नकाशावर तेथे सरकते आवर्त व प्रत्यावर्तच (जास्त दाबाच्या केंद्राभोवतीचे वारे) आढळतात.

दक्षिण गोलार्धात भूखंडांचा अडथळा कमी असल्याने पश्चिमी वारे अधिक प्रबळ असतात. ४०° अक्षांशापलीकडील पट्ट्याचे ‘गर्जणारे चाळीस’ हे नाव प्रसिद्ध आहे. सूर्याच्या भासमान भ्रमणाबरोबर सर्व पट्टे काही अंश उत्तरेस वा दक्षिणेस सरकतात. ध्रुवीय वारे थंड, उथळ व अनियमित असतात.