डिफेन्सच नव्हता भो!

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत कॉलेजची बास्केटबॉल टीम हरली की जळगाव-भुसावळकडे पहिला शेरा हाच पडतो. समोरच्यांनी ७२ ठोकले, म्हणजे आपला बचाव ढिसाळ. मला हा न्याय घाईचा वाटतो.

बास्केटबॉलमध्ये चेंडू आळीपाळीने मिळतो, त्यामुळे दोन्ही संघांच्या वाट्याला जवळजवळ सारखेच ताबे येतात. ते मोजायचे असे: बास्केटचे प्रयत्न अधिक टर्नओव्हर (शॉट न घेताच गमावलेले चेंडू), त्यातून हल्ल्यात परत मिळवलेले रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) वजा, आणि फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, म्हणजे फ्री थ्रोंची, ०.४४ पट मिळवायची. (फ्री थ्रो बहुधा जोडीने मिळतात, काही तर झालेल्या बास्केटवर बोनस म्हणून, म्हणून निम्म्याहून थोडं कमी.) समजा, ताबे ८० निघाले. समोरच्यांचे ७२ म्हणजे ताब्यामागे ०.९ गुण, आपले ५६ म्हणजे ०.७. आता सांगा, बुडालं कुठे, बचावात की हल्ल्यात?

डीन ऑलिव्हर या अमेरिकी विश्लेषकाने निकालाचं वजन चार गोष्टींत वाटलं: नेमबाजी ४० टक्के, टर्नओव्हर २५, रिबाउंड २०, फ्री थ्रो १५. नेमबाजी सगळ्यांत जड, आणि तिथे भूमिती आडवी येते. रिंगचा व्यास ४५ सेंमी, चेंडूचा साधारण २४. चेंडू ४५ अंशांत उतरला तर त्याच्या वाटेत रिंगचं तोंड ३२ सेंमीच उरतं. ३० अंशांत साडेबावीस! म्हणजे चेंडू कडेला न घासता आत जाणं शक्यच नाही. शॉटला उंची देतात पाय. सिमेंटच्या कोर्टवर, ऑक्टोबरच्या उन्हात, चौथ्या क्वार्टरला पायच गळतात आणि शॉट चपटे होतात. घामावाटे शरीराच्या वजनाच्या दोन टक्क्यांएवढं पाणी गेलं की नेमबाजी घसरते, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

चपटा शॉट रिंगवर आदळून लांब उडतो. आपली पोरं अजून समोरच्यांच्या रिंगखाली, आणि त्यांचा फास्ट ब्रेक, म्हणजे झटपट उलटा हल्ला, सुटलेला. टर्नओव्हरचंही तेच: मागे एकटा गडी, समोरून दोघे. असे लेअप (रिंगजवळून टाकलेले सोपे शॉट) खाल्ले की वहीत नाव बचावाचं लागतं.

रिबाउंडला अंग आडवं न घालणं हा मात्र बचावाचाच दोष, त्यात सूट नाही.

पुढच्या मॅचला बेंचवरच्या एकाला वही द्या. समोरच्यांच्या प्रत्येक बास्केटपुढे एवढंच लिहायचं: चेंडू त्यांना कसा मिळाला? निम्म्या नोंदी 'आमचा चुकलेला पास' किंवा 'लांब उडालेला रिबाउंड' अशा निघाल्या, तर झोन (जागा वाटून बचाव) की मॅन-टू-मॅन (गड्यामागे गडी) हा वाद बाजूला ठेवून सरांनी आधी पासिंगचा सराव वाढवावा.