पांढऱ्या पेशी नॉर्मल, म्हणजे इम्युनिटी ओके?

"सीबीसीमध्ये पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या की मुलाची इम्युनिटी ठणठणीत" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखंच वाटतं, पण सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, तो आकडा पेशी किती आहेत एवढंच सांगतो, त्या काम करतात का ते नाही.

सीजीडी (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज) हा जन्मजात आजार घ्या, त्यात न्यूट्रोफिल, म्हणजे जंतू गिळून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, भरपूर असतात, जंतू गिळतातही, पण एका एन्झाइममधल्या दोषामुळे काही जंतू त्यांना मारताच येत नाहीत, मग यकृतात गळू होणं, गाठी पिकणं असं चालूच राहतं. सीबीसीत हे कळत नाही, त्यासाठी डीएचआर टेस्ट, म्हणजे न्यूट्रोफिल नीट काम करतात का ते बघणारी वेगळी रक्ततपासणी, लागते. एलएडी (ल्युकोसाइट अ‍ॅडहेजन डेफिशियन्सी) या दुसऱ्या जन्मजात आजारात तर पांढऱ्या पेशींचा आकडा उलट खूप वाढलेला असतो, पण पेशी रक्तातून बाहेर पडून जखमेपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून पू होत नाही आणि बऱ्याचदा बाळाची नाळही फार उशिरा गळते.

घरी एक बघता येतं. रिपोर्टमधल्या टोटल काउंटपैकी (एकूण पांढऱ्या पेशींपैकी) लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार, किती टक्के ते बघून त्यांचा आकडा काढा. 10,000 चे 15 टक्के म्हणजे 1,500, मोठ्या माणसाला हे चालतं, पण काही महिन्यांच्या बाळाचा हा लिम्फोसाइटचा आकडा 3,000 च्या खाली असेल तर डॉक्टरांना लगेच दाखवा, त्यातून न्यूमोनिया परत परत होत असेल किंवा वजन वाढत नसेल तर अजिबात थांबू नका.